टायनीएसए अल्ट्रा: एक पावसाळा आणि अर्धा सीझन वापरल्यानंतर

टायनीएसए अल्ट्रा म्हणजे छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोराचा सिग्नल आहे ते स्क्रीनवर दाखवणारा डबा. घेऊन बरेच महिने झाले, मागचा अख्खा पावसाळा यावर काम केलं आणि आता मासेमारीचा सीझनही अर्ध्यावर आलाय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. अनबॉक्सिंगचे व्हिडिओ ढीगभर आहेत, त्यात सगळे एफएम स्टेशनं दाखवतात, पाणी पडल्यासारखा तो रंगीत वॉटरफॉल दाखवतात आणि मोकळे होतात. वायरलेस सेट नक्की किती घाण (नको त्या फ्रिक्वेन्सीचे) सिग्नल सोडतोय हे मोजायला हा डबा कितपत चालतो ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा पसारा.

मी मालवणात असतो, हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सर्जेकोट, दांडी, तारकर्लीकडचे बोटवाले आपापले व्हीएचएफ सेट (बोटीवरचे बोलायचे वायरलेस) काढून आणून देतात, कारण तेव्हाच त्यांना वेळ असतो. पूर्वी माझ्याकडे पॉवर मीटर आणि डमी लोड (अँटेनाच्या जागी लावून पॉवर जिरवणारा भाग) एवढंच होतं. २५ वॅटचा सेट २५ वॅट दाखवतोय म्हणजे पास. ते २५ वॅट कुठल्या फ्रिक्वेन्सीला जातायत हे मीटरला काय कळतंय, त्याला सगळं सारखंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक काशुक नावाच्या डच हॅमचं हे डिझाइन, पहिला छोटा टायनीएसए २०२० मध्ये आला, अल्ट्रा त्याच्यानंतरचा. अल्ट्रा १०० किलोहर्ट्झपासून ८०० मेगाहर्ट्झपर्यंत सरळ चालतो, त्याच्या वर जायचं तर कॉन्फिगमध्ये जाऊन ४३२१ कोड टाकून अल्ट्रा मोड चालू करायचा. तो मोड वायफाय आहे की नाही एवढं बघायला ठीक, पण ८०० च्या वर आत नीट फिल्टर नाहीये त्यामुळे स्क्रीनवर भुतं (खोटे सिग्नल) नाचतात, माझा त्याच्यावर विश्वास नाही. रेझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे किती जवळचे सिग्नल वेगळे दिसतात ते, २०० हर्ट्झपर्यंत खाली येते, आणि माझ्या मते खरे पैसे त्याचेच आहेत. कस्टम्स वगैरे धरून पंधरा हजाराच्या आसपास पडला. लॅबवाली मशीनं लाखांत जातात, त्यामुळे तुलना करण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नुसता डबा घेऊन काही होत नाही, त्याच्या बरोबरीने अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घ्यायलाच लागतो आणि तो चांगलाच घ्यायचा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, दर १० डीबीला पॉवर दहापट; २५ वॅट म्हणजे +४४ डीबीएम, ते सरळ याच्यात घातले तर आतलं सगळं खलास. मी ५० वॅटचा ३० डीबी, त्याच्या पुढे छोटा २० डीबी असं लावतो, म्हणजे २५ वॅटचे याच्यापर्यंत येईतो -६ उरतात, पाच वॅटच्या हँडीचे (हातातल्या वॉकीटॉकीचे) -१३. आरामात. आणि हे दोन्ही नॅनोव्हीएनएवर (असे भाग तपासायच्या दुसऱ्या छोट्या यंत्रावर) ५०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासून घेतले, कारण स्वस्तातले अटेन्युएटर १५० ला ३० डीबी असतात नि ४७० ला भलतंच काहीतरी, मग तिसऱ्या हार्मोनिकचं (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर निघणाऱ्या नको त्या सिग्नलचं) माप कशाच्या भरवशावर घेणार? हँडीचा अँटेना लावून डब्याला समोर छोटा अँटेना ठेवून मोजणारे पण बघितलेत, त्या आकड्यांना काही किंमत नाही. आणि मरीन सेट तर हवेत सोडून टेस्ट करायचाच नाही, १६ नंबर चॅनेल हा संकटाच्या हाकेचा आहे, तिथे आपली पीटीटी (बोलायचं बटण) दाबून बघायला कोणी ठेवलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. या डब्याच्या स्क्रीनवर जी घाण दिसते त्यातली बरीचशी याच्या स्वतःच्या पोटातली असते. सिग्नल जोरात आला की आतला मिक्सर (फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग) स्वतःच हार्मोनिक तयार करतो आणि बिचाऱ्या सेटवर आळ येतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. अटेन्युएशन मॅन्युअल करायचं नि १० डीबी वाढवायचं. डबा वाचन आपोआप भरून काढतो, त्यामुळे खरं हार्मोनिक असेल तर जागचं हलत नाही. दुसरं हार्मोनिक साधारण १० डीबीने खाली आलं किंवा तिसरं २० ने आलं तर ते डब्याचं. अधलंमधलं खाली आलं तर दोघांचंही थोडं थोडं, मग अजून अटेन्युएशन वाढवायचं आणि ते स्थिर होईपर्यंत थांबायचं. हे केल्याशिवाय कोणाच्या सेटला नावं ठेवू नका. आणि एलएनए (बारीक सिग्नल वाढवणारा आतला अ‍ॅम्प्लिफायर) चालू ठेवून तर ट्रान्समीटर मोजूच नका, २० डीबीचा तो एलएनए बाहेरच्या एफएम बँडनेच भरून जातो, ट्रान्समीटर लांबच राहिला.

एक केस सांगतो. एक तांडेल (बोटीचे कप्तान) काका सेट घेऊन आले, म्हणाले, "बोलताना बाजूच्या बोटीवरचो टीव्ही नाचता." सेट नामांकित होता पण जुना. डमी लोड लावून १५६.८ वर, म्हणजे १६ नंबर चॅनेलवर, पीटीटी दाबली, मेन पीक छान, दुसरं हार्मोनिक ३१३.६ ला अगदी खाली, आणि ४७०.४ ला तिसरं चक्क ३८ डीबी खाली फक्त. १० डीबीची टेस्ट केली, जराही हललं नाही, म्हणजे सेटचंच. आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा) जो साधा नियम आहे, ४३ अधिक १० लॉग पॉवर, त्याने २५ वॅटला निदान ५७ डीबी खाली पाहिजे. म्हणजे हा सेट जवळजवळ २० डीबीने बाहेर. सेट उघडला तर पीए (पॉवर अ‍ॅम्प्लिफायर) सेक्शनवरच्या शिल्डच्या स्क्रूंवर हिरवा गंज, दोन स्क्रू तर हाताने फिरत होते. लो पास (हार्मोनिक अडवणाऱ्या) फिल्टरच्या कॉइल आणि कपॅसिटर बरोबर होते, पण त्यांचा ग्राउंड त्या स्क्रूंवर, आणि तोच हवेत. काडीला ब्रश बांधून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासलं, स्क्रू बदलले, बंद करून परत मोजलं तर तिसरं ६२ खाली. पार्ट एकही बदलला नाही. काकांनी विचारलं, "तुझो तो डबो काय सांगता?" म्हटलं, मिठाने खाल्लंय बाकी काय नाय. किनाऱ्यावरच्या सेटमध्ये हे इतकं कॉमन आहे की आता पार्ट शोधायच्या आधी मी ग्राउंडच बघतो.

दुसरा प्रकार म्हणजे मेन पीकच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या छोट्या रेघा. साठ-सत्तर किलोहर्ट्झवर, मग त्याच्या दुप्पटीवर, अशी पलटण. लोक लगेच पीएलएल, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा सिंथेसायझर, गेला म्हणतात. आधी सेट सरळ बॅटरीवर लावा. रेघा गेल्या तर सेट निर्दोष आहे आणि तुमची १२ व्होल्टची एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घाण टाकतेय. माझ्या टेबलावरच्या सप्लायने असा बराच काळ सगळ्यांच्या सेटना बदनाम केलं असतं. बॅटरीवर पण तशाच राहिल्या तर मग आतला रेग्युलेटर, सुकलेले इलेक्ट्रोलिटिक, पीएलएलचा लूप फिल्टर अशा क्रमाने जायचं. आणि रेघा १२.५ किंवा २५ किलोहर्ट्झवर असतील तर सिंथेसायझरचा रेफरन्स गळतोय हे बहुतेक पक्कं.

माझं सगळ्यात आवडतं मोजमाप मात्र डेव्हिएशनचं, म्हणजे एफएममध्ये आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती सरकते त्याचं, आहे, आणि त्याला डब्यातल्या कुठल्याही तयार मेनूची गरज नाही. एफएममध्ये मॉड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले टोनची फ्रिक्वेन्सी) २.४०५ झाला की मधला कॅरियर (मूळ लहर) नाहीसा होतो, हे बेसेल फंक्शनचं गणित. मरीनचं कमाल डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ, भागिले २.४०५ म्हणजे २०७९ हर्ट्झ. मोबाइलच्या टोन अ‍ॅपमध्ये २०७९ टाकायचं, फोन माइकसमोर धरायचा, आरबीडब्ल्यू (तीच रेझोल्यूशन बँडविड्थ) २०० वर, स्पॅन (स्क्रीनवर दिसणारी रुंदी) ३० किलोहर्ट्झ. आवाज शून्यातून हळूहळू वाढवत न्यायचा. मधला पीक बसत बसत जातो, बाजूचे दोन वर येतात, आणि एका क्षणी मध्ये नुसता खड्डा दिसतो. तिथे डेव्हिएशन बरोबर ५. आता आवाज अजून वाढवायचा. लिमिटर (डेव्हिएशन हद्दीत ठेवणारं सर्किट) चांगला असेल तर चित्र तिथेच थोडंफार घुटमळतं. कॅरियर परत वर येऊन दुसऱ्यांदा बुडाला तर इंडेक्स ५.५२ झाला, म्हणजे साडेअकरा किलोहर्ट्झ, असा सेट बाजूच्या चॅनेलवाल्यांच्या कानात ओरडतोय. स्वस्त हँडीमध्ये लिमिटरचा प्रीसेट (जुळवणीचा स्क्रू) फॅक्टरीतच वाट्टेल तसा ठेवलेला असतो, हे मी एकाहून जास्त कंपन्यांच्या मालात बघितलंय. हॅमच्या नॅरो २.५ ला टोन १०४० धरा. पहिल्यांदा तो खड्डा पडताना बघितला तेव्हा जेवायचं राहिलं होतं, बायकोने दोनदा हाक मारली.

एसएसबीला (कॅरियर दाबून एकाच बाजूची पट्टी सोडायच्या पद्धतीला) पण बरा चालतो. फरहान सरांच्या बिटएक्सच्या (घरी बांधायच्या हॅम सेटच्या) धर्तीवरचा माझा ४० मीटरचा सेट आहे, त्याचा कॅरियर बॅलन्स (कॅरियर किती दाबला जातो ते) पूर्वी दुसऱ्या रिसीव्हरवर कानाने लावायचो. आता ७.१ वर डब्यात बघत प्रीसेट फिरवतो, प्लास्टिकच्याच स्क्रूड्रायव्हरने, लोखंडी जवळ आणला तरी बॅलन्स बिघडतो. टू टोन टेस्टसाठी ७०० नि १९०० हर्ट्झ देतो, दोघांत १२०० चं अंतर, थर्ड ऑर्डरची पिल्लं (दोन टोन मिसळून झालेले नको ते सिग्नल) बाहेरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, २०० च्या आरबीडब्ल्यूत स्वच्छ वेगळी दिसतात. ड्राइव्ह जरा कमी केला की पिल्लं मेन टोनच्या तिप्पट वेगाने खाली जातात, हे पुस्तकात शंभरदा वाचलेलं पण डोळ्यांनी बघितल्यावर माइक गेन फुल ठेवायची सवय सुटली. झिरो आयएफवाला (मधली फ्रिक्वेन्सी न वापरणारा) एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) ट्रान्समीटर लावलात तर मध्ये एलओची (लोकल ऑसिलेटरची) गळती आणि पलीकडच्या बाजूला आरशातली इमेज दिसते. आय आणि क्यू या आतल्या दोन सिग्नलमध्ये हव्या त्या ९० अंशांपेक्षा फक्त १ अंशाचा फेज फरक असला तरी इमेज ४१ डीबीच्या खाली जात नाही, आणि सॉफ्टवेअरमधलं करेक्शन एका फ्रिक्वेन्सीला लावलं की दुसरीकडे थोडं सुटतंच.

रिसीव्हरच्या बाजूला मात्र निम्मेच मार्क. लोकल ऑसिलेटर अँटेनातून किती बाहेर गळतो हे मस्त दिसतं. पहिला आयएफ (आतली मधली फ्रिक्वेन्सी) २१.४ असलेला सेट १६ नंबरवर ठेवला आणि एलओ खालच्या बाजूला असेल तर १३५.४ ला बारीक रेघ दिसते, म्हणजे विमानांच्या बँडमध्ये, त्यामुळे ती बारीकच असलेली बरी. जनरेटर मोडमध्ये जाऊन इमेज फ्रिक्वेन्सी (एलओच्या दुसऱ्या बाजूची, चुकून ऐकू येणारी), इथे ११४, देऊन इमेज रिजेक्शनचा अंदाज येतो. पण सेन्सिटिव्हिटी (किती बारीक सिग्नल ऐकू येतो ते) मोजायला गेलात तर कटकट. ०.२५ मायक्रोव्होल्ट म्हणजे -११९ डीबीएम, तिथपर्यंत खाली यायला बाहेरून अटेन्युएटर लावावेच लागतात, आणि तेवढं करून केबल काढली तरी हँडीला टोन ऐकू येतो, कारण केस प्लास्टिकची नि गळती सगळीकडून. मी हँडी पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात घालून झाकण लावून मोजतो, तेव्हा कुठे आकडा जागेवर राहतो. रिसीव्हरचा आयपी३ (जोरदार सिग्नल किती सोसतो त्याचं माप) मोजायला दोन जनरेटर लागतात, याच्यात एकच आहे.

फेज नॉइजचा (सिग्नलला चिकटलेल्या गोंगाटाचा) मेनू दिलाय खरा. जुन्या सिंथेसायझरचे स्वस्त हँडी त्यात उघडे पडतात. पण चांगल्या बेस सेटचा फेज नॉइज याच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे स्क्रीनवर दिसतो तो डब्याचाच. दोन चांगले सेट लावून दोघांचा आलेख अगदी सारखा आला तर समजायचं आपण कोणाचं मोजतोय ते.

फ्रिक्वेन्सी एरर पण असाच. डब्यातला टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न ढळणारा ऑसिलेटर) चांगला आहे पण त्याची चूक १ पीपीएम (दहा लाखात एक) जरी धरली तरी १५६.८ ला १५७ हर्ट्झ झाले. मी रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम टाइम सिग्नल लावतो, डब्याचा जनरेटर १० वर ठेवून त्याच रिसीव्हरमध्ये किंचित सोडतो आणि एस मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) किती हळू डुलतो ते बघतो. सेकंदाला एकदा डुलला म्हणजे ०.१ पीपीएम. फुकटात होतं आणि आपल्याकडे बीपीएम बरं येतं.

कोकणात वापरताना काय त्रास होतो ते पण ऐका. पावसात टच स्क्रीन दमट बोटाला धड दाद देत नाही, नखाने नाहीतर स्टायलसने चालवा. एसएमए सॉकेटवर पहिल्या दिवशीच एक छोटा अ‍ॅडॉप्टर कायमचा चढवून टाका, झिजला गंजला तर तो फेकायचा, डब्याचा सॉकेट वाचतो. सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून परत टाकतो. बाजूचं ते जॉग बटण नाजूक आहे, पोरांच्या हातात देऊ नका. बॅटरी दोन-तीन तास जाते, लाईट गेली तरी काम थांबत नाही हे इथे फार मोठं सुख.

नकली माल खूप फिरतोय. आल्या आल्या कॅल आणि आरएफ या दोन सॉकेटना सोबतची केबल लावून सेल्फ टेस्ट करा, सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या पाहिजेत, एक जरी लाल आली तरी परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. मला पहिल्या विक्रेत्याने दिलेला असाच परत पाठवायला लागला, पैसे यायला जाम वेळ लागला.

बजेट कमी असेल नि फक्त एफएम हँडी किंवा मरीन सेटच बघायचे असतील तर जुना छोटा टायनीएसए पण चालतो, फक्त त्याचा चांगला इनपुट ३५० मेगाहर्ट्झपर्यंतच आहे. म्हणजे १५६.८ चं दुसरं हार्मोनिक त्यात दिसेल, तिसऱ्यासाठी केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावायची, जो तेवढा स्वच्छ नाही. आणि आमच्याकडच्या गंजक्या सेटमध्ये घोळ बहुतेक वेळा तिसऱ्यातच असतो, तेव्हा जमत असेल तर अल्ट्राच घ्या, आणि उरलेले पैसे अटेन्युएटरवर घाला.