शिवून घेतलेला सूट, नऊ महिन्यांनंतर: सगळे मुंढ्यावर अडते

गेल्या आठवड्यात ड्रायक्लीनिंगहून कोट परत आला, तेव्हा डाव्या छातीवर, लॅपलच्या (कॉलरखाली पुढे दुमडलेल्या पट्टीच्या) थोडे खाली, ओल आलेल्या भिंतीच्या रंगासारखे बारीक फुगे उठले होते. ड्रायक्लीनिंगवाल्याने टेलरकडे बोट दाखवले, टेलरने ड्रायक्लीनिंगवाल्याकडे, आणि कोट हातात घेऊन मी मध्येच उभा राहिलो. शिवायला देताना छातीत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारा, न चिकटवता टाक्यांनी बसवलेला कापडाचा थर, घालणार असे मला सांगितले होते. बाहेरचे कापड आणि आतले अस्तर चिमटीत धरून वेगवेगळे केले, तर मध्ये तिसरा मोकळा थर बोटांना लागायला हवा. माझ्या कोटात तो छातीपाशीही लागत नाही. म्हणजे आत कॅनव्हासऐवजी फ्यूजिंग, म्हणजे कापडाला चिकटवलेला थर आहे आणि तो सुटला आहे. ही चिमटी मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

तरीही माझी खरी तक्रार फुग्यांची नाही, मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोल कापाची आहे. ट्रायलच्या वेळी मी आरशासमोर हात खाली सोडून ताठ उभा राहिलो. खांदे सरळ बसले होते, कॉलर मानेला टेकली होती, बाहीखालून शर्टाचा कफ हवा तितकाच दिसत होता, म्हणून मी खुशीने होकार दिला. पण कार्यालयात माणूस पुतळ्यासारखा उभा नसतो. फळ्यावर लिहायला हात उचलला की अख्खा कोट वर येतो, टेबलापलीकडचा कागद ओढायला गेलो की कॉलर मानेपासून सुटते, आणि समारंभात दुरून कोणाला हात केला की बंद बटणाभोवती कापड ताणले जाते. याचे कारण, मुंढा किमान इंचभर खाली कापला आहे. ‘सैल ठेवला म्हणजे आराम वाटेल’ असे टेलरने तेव्हा सांगितले होते आणि मलाही ते पटले होते. प्रत्यक्षात मुंढा काखेच्या जवळ असेल तरच बाही एकटी हलते आणि कोट जागेवर राहतो.

यावरून भांडायला गेलो, तर ‘कोटात हात वर करायचेच कशाला?’ असे उत्तर मिळाले. राग आला, पण त्यापुढचे त्याचे म्हणणे खोटे नव्हते: मुंढा आणखी खोल करता येतो, वर घेता येत नाही, कारण कापून टाकलेले कापड परत जोडता येत नाही. खांद्याची शिवण उचलून थोडेफार साधले, तरी मग कॉलर आणि पुढची उंची सगळेच सरकते.

इथपर्यंतचा मजकूर मी सहाव्या महिन्यात लिहून ठेवला होता आणि तो तसाच छापला असता, तर टेलरवर अन्याय झाला असता. त्याच सुमारास माझे पोट सुटले आणि पॅन्ट लागेना. त्याने मागची शिवण उसवून दाखवली, तेव्हा आत दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीत राखलेले जादा कापड, ठेवलेली निघाली. कंबर अर्ध्या तासात सैल झाली आणि पैसेही घेतले नाहीत. माझ्यासारख्या चिकट माणसाचे मत एवढ्यावर बदलते, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

कापडाची चूक मात्र माझी. सुपर १२० चा शिक्का पाहून मी हुरळून गेलो. त्याचा अर्थ लोकरीचा तंतू जास्तीत जास्त १७.७५ मायक्रॉन जाडीचा, एवढाच. तो टिकाऊपणाचा दाखला नव्हे. रोज खुर्चीवर घासून पॅन्टची बैठक आताच चकाकू लागली आहे. रोजच्या वापराला सुपर १०० चे जरा जाड कापड पुरले असते, स्वस्तही पडले असते.

फुगलेला कोट बदलून द्यायचे टेलरने शेवटी कबूल केले, माझ्या अटीवर: कॅनव्हास आधी डोळ्यांना दाखवायचा आणि मग शिवायचा. काल कच्च्या टाक्यांवरची ट्रायल झाली. या वेळी मी स्टुलावर बसलो, दोन्ही हात पुढे केले, मग डोक्यावर नेले. टेलर कपाळावर आठ्या घालून बघत होता. कॉलर हलली नाही. उजव्या काखेत मात्र जरा टोचत होते, म्हणून त्याने तिथे खडूने पाव इंचाची खूण केली. त्याहून जास्त कापू नकोस, असे मी त्याला तीनदा बजावून आलो आहे.