मुळशी, भंडारदरा की कोयना? जंगलातल्या सायकलिंगसाठी कुठलं खोरं निवडायचं

नवी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक, घरात आली की पुण्या-मुंबईतल्या माणसाला महिन्याभरात प्रश्न पडतो, आता ही न्यायची कुठे? जवळची टेकडी झालेली असते आणि जंगल खुणावत असतं. पण परदेशी व्हिडिओंत दिसतात तशा खास सायकलसाठी बांधलेल्या, वळणावळणाला पाट्या लावलेल्या वाटा मनात धरून सह्याद्रीत गेलात तर हिरमोड ठरलेला. आपल्याकडे ट्रेल म्हणजे ढोरवाट, बैलगाडीवाट, वनखात्याचा कच्चा रस्ता, नाहीतर दोन वाड्यांना जोडणारी मळवाट. मधे मधे डांबरही लागतं आणि ते बऱ्याचदा कच्च्या रस्त्यापेक्षा वाईट असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने भंडारदऱ्याला जावं. दोन मोकळे दिवस आणि मांड्यांत दम असेल तर कोयना. मुळशी सरावापुरती बरी, आणि तीसुद्धा शनिवार-रविवार सोडून.

मुळशीचं एवढं मोठं नाव झालं ते जवळ आहे म्हणून. चांदणी चौकातून पौडमार्गे धरण तीस-पस्तीस किलोमीटर, पुढे ताम्हिणी घाट, आणि संध्याकाळी घरी परत. जंगल अस्सल आहे यात वाद नाही. पावसाच्या आकड्यांत ताम्हिणीचं नाव कायम वरच्या रांगेत असतं आणि झाडीची दाटी पाहिली की ते पटतं. पण सायकलवाल्याच्या वाट्याला मुख्यतः घाटातला डांबरी रस्ता येतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर मोटारींची रीघ असते. धबधब्यापाशी कुणी कधी ब्रेक मारेल, कुठल्या गाडीचं दार अचानक उघडेल, सांगता येत नाही. पिंप्रीहून हिरडीमार्गे भिऱ्याला उतरणाऱ्या अंधारबनाच्या वाटेवर सायकल घालायचं खूळ अधूनमधून कुणाच्या तरी डोक्यात येतं. ती चालणाऱ्यांची वाट आहे. ओढे ओलांडताना आणि शेवटच्या उतारावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि समोरून ट्रेकर्सची फौज येत असते. त्यापेक्षा जलाशयाच्या काठच्या गावांकडे फुटणारे छोटे रस्ते बघा. ज्या पाण्याच्या कडेने तुम्ही सायकल चालवाल, त्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला होता, हे ठाऊक असलं की हे खोरं नुसतं ‘वीकेंड स्पॉट’ उरत नाही.

भंडारदऱ्याची जमेची बाजू म्हणजे गोल फेरी. धरणाशेजारच्या शेंडी गावातून निघायचं, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून साम्रद, रतनवाडी, मग कोलटेंभे, मुतखेलवरून परत शेंडी. आडवाटा किती घेता त्यावर अंतर ठरतं, पण साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर धरून चाला. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं पाणी बहुतेक वेळ एका हाताला राहतं, त्यामुळे वाट चुकायची भीती कमी. चढ आहेत, पण दमछाक करणारे नाहीत. एक संपतो, उतार लागतो, श्वास जागेवर येतो, तोवर दुसरा. नवख्याला गिअर कधी पाडायचे हे शिकायला यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही.

घाटघर ते रतनवाडी हा या फेरीतला सगळ्यात देखणा भाग. घाटघरला कोकणकड्यावर जाऊन या, मग साम्रदकडे वळा. झाडी अंगावर येते, रस्ता अरुंद होतो, डांबर उखडून खालची खडी वर आलेली असते. पुढच्या सस्पेन्शनचे पैसे इथे वसूल होतात. भातकापणीनंतर गेलात तर एक गंमत बघायला मिळेल. रस्ता म्हणजे हक्काचं खळं, त्यामुळे पेंढा खुशाल रस्त्यावर पसरलेला असतो. त्यावरून सायकल घातली की दोन काड्या मागच्या डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या चाकात गुंततात, साखळी कुरकुरायला लागते आणि खाली बसून बोटांनी एकेक काडी ओढून काढावी लागते. कडेने उतरून चालत जा. शेतकऱ्याचा पेंढाही तुडवला जात नाही. रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर आणि त्याची पुष्करणी आहे. जेवण सांगायचं असेल तर याच गावात, पण आदल्या दिवशी फोन करून. ऐनवेळी गेलात तर मॅगीवर भागवावं लागेल.

कोयनेचं गणित निराळं आहे. साताऱ्यातून बाहेर पडलं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो. अंग गरम व्हायच्या आत चढ सुरू. पंचवीसेक किलोमीटरवर कासचं फुलांचं पठार, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास. तिथून बामणोलीला उतरायचं. भरलेल्या शिवसागराची, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाची, पातळी सहाशे साठ मीटरच्या जवळपास असते, म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरचा उतार. हा उतार ज्याने केला त्याला आपल्या ब्रेकची लायकी कळते. सतत दाबून धरलेले साधे रिम ब्रेक तापतात आणि अर्ध्या वाटेत बोटं आखडतात. डिस्क ब्रेक हवेतच, आणि तेही दाबून न धरता वळणाआधी थोपवत, मग सोडत वापरायचे. आणि हो, उतरलात तेवढं सगळं परत चढायचं आहे, हे बामणोलीत मासे खाताना विसरू नका.

ज्यांना खरी कच्ची वाट हवी, त्यांच्यासाठी कासहून गाळदेवमार्गे महाबळेश्वरकडे जाणारी माथ्यावरची जुनी वाट आहे. लोक तिला राजमार्ग म्हणतात. कुठे जांभ्याचा कातळ, कुठे मुरूम, कुठे कारवीची दाटी, आणि झाडी विरळ झाली की एका अंगाला कोयनेचं पाणी खोल खाली. तिन्ही खोऱ्यांत एमटीबीला साजेशी वाट कुठली असेल तर हीच. पण मधे वस्ती तुरळक, पाणी सोबत न्यायचं, मोबाइलला रेंज असेल-नसेल, आणि गव्यांचा वावर. गवा दिसला तर थांबा, सायकलवरून उतरा, त्याला जाऊ द्या. घंटी वाजवून त्याला हुसकावणारे शूर लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासोबत जाऊ नका. एकट्याने ही वाट करू नये, निदान पहिल्यांदा तरी.

तापोळ्याला गाड्या पलीकडे नेणारा तराफा आहे, त्यावर सायकलही जाते. पलीकडचं कांदाटी खोरं बघून मोह होतो, पण तिथून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाची हद्द लांब नाही. वासोटा किल्ल्याची परवानगी चालत जाण्यासाठी असते. तिथे सायकलचा विषय काढू नका.

आता जमिनीबद्दल, कारण टायर त्यावर ठरतो. मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड. कोरडा झाला की चाकाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा घरंगळतो. भंडारदऱ्याला असे पट्टे लहान आहेत, राजमार्गावर लांबलचक. जांभा कोरडा असेल तर टायर चिकटून चालतो, पण पावसाळ्यानंतर सावलीतल्या कातळावर शेवाळ राहतं आणि तिथे चांगल्या चांगल्यांची दांडी गुल होते. २.२ इंचाचा टायर, हवा शहरातल्यापेक्षा कमी. तिन्हीकडे करवंदीचे काटे आहेत, आणि गावाजवळ कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. ट्यूबलेस टायर आणि त्यात भोक बुजवणारं ताजं सीलंट असेल तर निश्चिंत; नसेल तर दोन ट्यूब, पंप, आणि साखळीची जोडकडी. दुरुस्तीचं दुकान साताऱ्यात किंवा घोटीतच मिळेल असं गृहीत धरा.

परवानगीच्या बाबतीत तिन्ही ठिकाणी सावध राहावं लागतं. ताम्हिणीला २०१३ साली, कळसूबाई-हरिश्चंद्रगडला १९८६ साली आणि कोयनेला १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे गावांना जोडणारा रस्ता सोडून आत शिरायचं झालं की आधी वनखात्याला विचारणं आलं. भंडारदऱ्याला नाक्यावर पावती फाडून घ्या. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तिकडे सायकल नेऊच नका. रस्त्यावर मुंबईची गर्दी असते. कासच्या फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हा यवतेश्वरच्या घाटातही तीच गत. २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या पठारावर मातीचा थर इंच-दोन इंचाचा आहे. तिथे चाक घालणं म्हणजे फुलांचं बी उखडणं, म्हणून हंगाम संपल्यावरही सायकल रस्त्यावरच ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिन्हींचा काळ. मार्चपासून ऊन आणि वणवे. पावसाळ्यात तिन्ही ठिकाणी दरडी आणि धुक्याचा विचार करूनच निघा.

मुंबईकरांना भंडारदरा सोयीचा: कसारा-इगतपुरीवरून घोटी, तिथून शेंडी पस्तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. पुणेकर सातारला सहज पोहोचतात. पण पुण्याचे असलात आणि सायकल नवी असेल, तरी पहिली फेरी भंडारदऱ्याचीच करा. आदल्या रात्री शेंडीत मुक्काम करा, उजाडता निघा, आणि घाटघरचा टप्पा ऊन चढायच्या आत उरकून घ्या.