थिकनर पावडर: ५ पैकी ४ स्टार, १ कापला तो डब्यावरच्या मजकुरासाठी

दादाच्या मेंदूला जबर इजा झाल्यावर नाकातून नळी होती, मग स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासून थोडं थोडं तोंडाने सुरू केलं, तेव्हापासून पाणी-दूध घट्ट करायला ही झँथन गमची (एक प्रकारचा डिंक) पावडर वापरतोय, पातळ घोट पटकन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. आधी स्टार्चवाली होती. तिची भानगड अशी की लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्च तोडतं, आणि असे पेशंट घोट तोंडात धरून बसतात, गिळायची क्रिया उशिरा सुरू होते, म्हणजे घट्ट केलेलं पाणी घशात जाईस्तोवर परत पातळ. झँथनचं तसं होत नाही. आणि पोट साफ व्हायला पॉलिथिलीन ग्लायकॉलचं औषध चालू असेल तर ते स्टार्चवालीत अजिबात मिसळू नका, मिश्रण एकदम पाण्यासारखं होतं.

कोरड्या चमच्याने घालून लगेच ढवळलं तर गुठळ्या होत नाहीत. दूध मात्र सावकाश घट्ट होतं, लोक घाई करून अजून पावडर टाकतात आणि मग खळ तयार!! जास्त घट्ट म्हणजे जास्त सेफ असं नाहीये, ते घशात चिकटून राहतं.

अंदाजाने करण्यापेक्षा सिरिंज टेस्ट करा. १० मिलीची सिरिंज (० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं), दट्ट्या काढायचा, सिरिंजच्या टोकाला बोट लावून १० मिली भरायचं, बोट काढून १० सेकंद थांबायचं. ४ ते ८ मिली उरलं तर घट्टपणाची लेव्हल २ (IDDSI या आंतरराष्ट्रीय मोजमापातली), त्याहून जास्त उरलं पण गळत असेल तर ३. कुठली लेव्हल द्यायची ते थेरपिस्ट सांगणार.

आता कापलेला स्टार. डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात 'सुरक्षित गिळण्यासाठी'. अरे पण पेशंट गिळतो का हे कोण बघणार? बेशुद्धीसारख्या अवस्थेतही लाळ आपोआप गिळली जाऊ शकते, ते मेंदूच्या खालच्या भागातून चालतं, म्हणून घरच्यांना वाटतं चला आता भरवूया. उलटीसारखी उबळ येते म्हणजे गिळणं नीट आहे असंही नाही. आणि खाल्लेलं श्वासनलिकेत जाऊनही साधा ठसका लागत नाही असे पेशंट असतात, ते व्हिडिओ एक्सरे नाहीतर नाकातून कॅमेरा घालूनच कळतं. यातलं एक अक्षर डब्यावर नाही.

घट्ट पाणी कोणालाच आवडत नाही त्यामुळे पेशंट कमी पितो, लघवीकडे लक्ष ठेवा. आणि नळी चालू असेल तर ही पावडर नळीतून देऊ नका, चोंदते.