एक्स-रेवरची कीड दाखवणारं सॉफ्टवेअर: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या आरव्हीजी सेन्सरला (तोंडात ठेवला की एक्स-रे थेट स्क्रीनवर दाखवणारा) आठ महिन्यांपूर्वी कीड ओळखणारं एआय सॉफ्टवेअर जोडलं. एक्स-रे स्क्रीनवर उमटला की काही सेकंदांत संशयाच्या जागेभोवती लाल चौकट येते. घ्यावं का, असं बरेच सहकारी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

फायदा आहे, आणि तो खरा आहे. दोन दाढांच्या फटीतली कीड आरसा आणि प्रोब (दात चाचपायची बारीक सळई) घेऊन सापडत नाही. त्यासाठी बाइटविंग एक्स-रेच लागतो. हॉवर्ड रेपर यांनी १९२५ मध्ये आणलेली ही पद्धत अजून तशीच चालते: पेशंट पट्टी चावून धरतो आणि वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. इनॅमलमधली (दाताच्या बाहेरच्या कठीण थरातली) कीड त्यात आत निमुळता होत जाणारा काळसर त्रिकोण म्हणून दिसते, आणि डेंटिनला, म्हणजे त्याच्या आतल्या थराला, टेकली की तिथे आडवी पसरते. हा त्रिकोण सुरुवातीला इतका पुसट असतो, की दिवसाच्या शेवटच्या पेशंटपाशी नजरेतून सुटतो. शिवाय पेशंट दुखऱ्या दाढेकडे बोट दाखवतो आणि आपलं लक्ष तिथेच खिळतं. शेजारच्या उपदाढेच्या मागच्या बाजूची सावली मला या सॉफ्टवेअरने अनेकदा दाखवली. तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

चुकतं ते बहुतेक दाताच्या मानेपाशी. इनॅमल संपतं तिथपासून हाड सुरू होतं तिथपर्यंत किरणांना अडवायला फारसं काही नसतं, त्यामुळे निरोगी दातावरही काळसर पट्टा उमटतो. हा सर्व्हायकल बर्नआउट. सॉफ्टवेअर त्याला कीड समजून चौकट टाकतं. दोन दाढा एकमेकींना टेकतात त्या जागेपासून जरा हिरडीच्या बाजूला सावली असेल तर मी कीड धरते. मानेवर असेल तर आधी प्रोबने चाचपते, कारण मुळावरची कीडही तिथेच बसते. कोन थोडा बदलला की बर्नआउट आकार बदलतो किंवा दिसेनासा होतो. जुन्या कंपोझिटखालीही (दाताच्या रंगाच्या फिलिंगखालीही) असाच घोटाळा होतो. काही जुनी कंपोझिट्स एक्स-रेवर काळीच दिसतात, आणि चांगल्या फिलिंगलाही चौकट मिळते.

पण चुकीच्या चौकटीपेक्षा मला न आलेल्या चौकटीची जास्त धास्ती वाटते. एक्स-रे ट्यूबचा आडवा कोन जरा चुकला की शेजारच्या दोन दाढांचं इनॅमल एकावर एक येतं, तिथे पांढरा पट्टा दिसतो आणि खालची कीड झाकली जाते. सॉफ्टवेअर गप्प राहतं. पहिले दोन-तीन महिने मी त्या शांततेला 'सगळं ठीक' समजत होते. मग एका दाढेचा एक्स-रे दुसऱ्या कारणाने पुन्हा काढला, या वेळी फट मोकळी आली, आणि त्याच जागी डेंटिनपर्यंत गेलेली कीड दिसली. त्या दिवसापासून रिंगचा होल्डर (सेन्सर धरून ट्यूबचा कोन नीट जुळवणारा) लावल्याशिवाय बाइटविंग काढायचा नाही, असं असिस्टंटला सांगून ठेवलंय. फट उघडी दिसली नाही तर त्या जागेबद्दल काहीच लिहायचं नाही. गरज असेल तर पुन्हा काढायचा. माझ्या निदानात जो फरक पडला, त्यातला मोठा वाटा या होल्डरचा आहे.

लाल रंगाबद्दलही लिहायला हवं. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या वरच्या पहिल्या दाढेवर चौकट आली, सावली डेंटिनच्या बाहेरच्या भागाला जेमतेम टेकलेली. स्क्रीन बघून ती घाबरलीच. "मॅडम, मग आजच भरून टाका ना." वरचा पृष्ठभाग फुटलाय की शाबूत आहे, कीड चालू आहे की थांबलेली, हे एकटा एक्स-रे सांगत नाही. मी फटीत दोन दात जरा दूर सारणारा रबरी सेपरेटर बसवला. तीन दिवसांनी ती आली तेव्हा फट उघडली होती. हवेने वाळवून पाहिलं: तपकिरी डाग, पण पृष्ठभाग सलग, कुठेही खड्डा नाही. ड्रिल लावला नाही. फ्लोराइड वार्निश लावलं आणि फ्लॉस कसा फिरवायचा ते तिच्याच हातून करून घेतलं. खड्डा असता तर भरला असता.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय सावली उमटतच नाही, म्हणून उघडल्यावर कीड चित्रातल्यापेक्षा खोल निघते. चावण्याच्या बाजूच्या खाचांमधली कीड तर डेंटिनमध्ये शिरेपर्यंत एक्स-रेवर नीटशी दिसत नाही. तिथे दात वाळवून, चांगल्या उजेडात बघणं हाच उपाय.

माझी तक्रार दोन गोष्टींची. चौकटी दर वेळी आपोआप चालू होतात. त्या बंद करून आधी स्वतः वाचायचं, निरीक्षण लिहायचं आणि मग चालू करायच्या, अशी सवय मला मुद्दाम लावून घ्यावी लागली. आणि मागच्या वर्षीचा एक्स-रे शेजारी ठेवून सावली वाढली का, हे आमच्याकडचं सॉफ्टवेअर सांगत नाही, जे मला सर्वांत जास्त हवं आहे. या दोन्ही गोष्टी कंपनीला लिहून कळवल्या आहेत.

घ्यायचं असेल तर घ्या, पण होल्डर आधी घ्या. त्या मुलीचा पुढचा बाइटविंग वर्ष पूर्ण झाल्यावर आहे. तोच होल्डर, तोच कोन, असं तिच्या केसपेपरवर लिहून ठेवलंय.