गोव्यात ग्रुपसाठी रूम घ्यायच्यात? ॲप, डायरेक्ट हॉटेल की एजंट, तिन्हीचा हिशोब मांडून बघू

माझं माहेर सांगलीचं आणि सासर म्हार्दोळचं, त्यामुळे गोव्याला यायचं ठरलं की अख्ख्या गोतावळ्याचा पहिला फोन मला. "ताई, वीसेक रूम लागतील, रेट जरा कमी करून घे ना." बारा-तेरा वर्षं हे करतेय, लग्नं झाली, दहावीच्या बॅचची गेट-टुगेदर झाली, एकदा माहेरचं अख्खं भजनी मंडळ आलं होतं. माझं मत आधीच सांगून टाकते. चार-पाच रूम असतील तर ॲप. दहा ते पंचवीस रूम आणि तारीख पीक सीझनची नाही, तर सरळ हॉटेलशी बोला. आणि गोव्यात तुमचं कुणीच नाही, सोबत वयस्कर माणसं आहेत, तर एजंटला पैसे द्या, ते वाया जात नाहीत.

आता यंदाच्या जानेवारीचा हिशोब सांगते म्हणजे कळेल. भावाची शाळेची बॅच, ३६ माणसं, १८ रूम, दोन रात्री, संक्रांत झाल्यावर मंगळवार-बुधवार. कोलव्याच्या बाजूचं एक मध्यम हॉटेल सगळ्यांना पसंत पडलं होतं. ॲपवर त्याचा रेट ३,१५० दिसत होता, आणि हॉटेलवाल्याने मला फोनवर ३,४०० सांगितला. भाऊ लगेच म्हणाला की ॲपवरच करून टाकू, अडीचशे कमी आहे. मी म्हटलं थांब जरा.

ॲपचे ३,१५० हे फक्त रूमचे, नाश्ता नाही. १८ रूम, दोन रात्री, म्हणजे १,१३,४००, वर ५ टक्के जीएसटी धरून १,१९,०७०. नाश्ता माणशी २५०, तो ३६ जणांचा दोन दिवसांचा टॅक्ससकट १८,९००. एकूण १,३७,९७०. हॉटेलवाल्याच्या ३,४०० मध्ये नाश्ता आत होता आणि एक रूम फ्री द्यायला तो तयार झाला, म्हणजे पैसे सतराच रूमचे, १,१५,६०० आणि टॅक्स मिळून १,२१,३८०. साडेसोळा हजारांच्या वर फरक! आणि हे ॲपने अठराच्या अठरा रूम त्याच रेटने दिल्या असं धरून. प्रत्यक्षात तसं होत नाही, स्क्रीनवर दिसतो तो रेट पहिल्या काही रूमचा असतो, आकडा वाढवत गेलं की रेट चढत जातो आणि एका लिमिटनंतर ॲप रूमच घेऊ देत नाही, मग दोन-तीन नावांनी वेगवेगळं बुकिंग करत बसावं लागतं.

एजंटने काय सांगितलं? माणशी ५,२००, त्यात दोन रात्री, नाश्ता, रात्रीचं जेवण आणि एक दिवस बसने साइटसीइंग. ऐकायला महाग वाटतं पण याची तुलना नुसत्या रूमशी करायची नाही. डायरेक्टवाल्या हिशोबात माणशी साधारण ३,३७२ येतात, त्यात दोन जेवणांचे ९४५ टाका, १२,००० ची बस ३६ जणांत वाटली तर ३३३ टाका, झाले ४,६५०. म्हणजे एजंटचे माणशी ५५० जास्त, सगळे मिळून १९,८००. हे पैसे फोनाफोनी, रूम वाटप, बसवाल्यामागे लागणं, ऐनवेळी कुणाला ताप आला तर डॉक्टर शोधणं याचे. आमच्याकडे हे सगळं करायला मी होते म्हणून नाही दिले. तुमच्याकडे कुणी नसेल तर खुशाल द्या.

हॉटेलवाला नाश्ता आणि फ्री रूम धरून ॲपपेक्षा कमी का देऊ शकतो? कारण ॲपला त्याला कमिशन द्यावं लागतं, पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त. आणि ॲपबरोबरच्या करारामुळे बाहेर जाहीरपणे त्याहून कमी रेट लावायला तो कचरतो, पण ग्रुपचा रेट जाहीर नसतो, तो तुमच्या-त्याच्यातला असतो. म्हणून ॲपचा रेट बघायचाच, पण तो वरची मर्यादा म्हणून बघायचा, तिथून खाली बोलणं सुरू करायचं. बोलायचं रिसेप्शनवरच्या मुलाशी नाही, त्याच्या हातात काही नसतं. मोठ्या हॉटेलात सेल्सचा माणूस मागा आणि घरगुती हॉटेल असेल तर थेट मालक किंवा मालकीणबाई. आमच्याकडे अजूनही बरीच हॉटेलं घरचीच माणसं चालवतात, दुपारी जेवून थोडं आडवं व्हायची सवय असते, म्हणून सकाळी अकराच्या सुमाराला फोन करा, निवांत बोलतात.

ॲपची एक बाजू मात्र खरंच चांगली आहे. ज्यांच्या ग्रुपचा आकडा शेवटपर्यंत नक्की होत नाही त्यांना फ्री कॅन्सलेशनवाली रूम सुटी-सुटी रद्द करता येते. हॉटेलशी डायरेक्ट केलं तर वीस रूम बोलून सोळाच लागल्या की उरलेल्या चारचे पैसे मागतात. म्हणून डायरेक्ट बोलताना आधीच विचारून घ्या की किती तारखेपर्यंत किती रूम कमी केल्या तर चालतील. मी साधारण एक महिना आधीपर्यंत दहा टक्के रूम सोडायची मुभा मागते, बहुतेक जण देतात, सीझन नसेल तर पंधरा दिवसांवरही येतात.

आता माझा सगळ्यात वाईट अनुभव. आठ वर्षांपूर्वी उत्तर गोव्यात एका हॉटेलात अठरा रूम घेतल्या, रेट फार छान मिळाला, सगळं फोनवर. माणसं रात्री अकराला पोचली. काउंटरवर रजिस्टरात नावं अठरा रूमची आणि चाव्या चौदा. उरलेल्या चार म्हणे "आमच्याच दुसऱ्या बिल्डिंगमध्ये", ती रस्ता ओलांडून दोन गल्ल्या आत, लिफ्ट नाही. माझी मोठी आत्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेली, हातात औषधांची पिशवी घेऊन त्या अंधाऱ्या गल्लीतून चालत गेली, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. भांडायला माझ्याकडे कागदच नव्हता. तेव्हापासून रेट दोनशेने जास्त लागला तरी चालेल पण मेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी असल्याशिवाय मी ॲडव्हान्स टाकत नाही.

बसचंही तसंच. कळंगुट-बागाच्या आतल्या रस्त्यांवर पन्नास सीटची बस हॉटेलच्या दारात जाईलच असं नाही, मग बॅगा ओढत चाला, म्हणून बस कुठपर्यंत येते आणि पार्किंग कुठे ते विचारा. आणि ड्रायव्हर! ग्रुपच्या बोलण्यात त्याला कुणी धरतच नाही. रात्रभर चोर्ला नाहीतर आंबोलीचा घाट उतरून आलेला माणूस, त्याला झोपायला पंखा असलेली खोली, अंघोळीला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालंच पाहिजे, परतीच्या रात्री तुमची सगळी माणसं त्याच्याच हातात आहेत. पंधरा-वीस रूम घेतल्यावर ड्रायव्हरची सोय हॉटेलवाले फुकटात करतात, फक्त आधी मागावं लागतं. तसंच चेक-इनचं. बस सकाळी सहा-सातला पोचते, कोकणकन्याने आलात तरी सकाळच, आणि रूम मिळणार दुपारी दोनला. सगळ्या अठरा रूम लवकर द्या म्हटलं तर कुणी देणार नाही, पण तीन-चार रूम सकाळीच द्या, बायका-मुलं आणि वयस्कर मंडळी आवरून घेतील, याला बहुतेक हो म्हणतात.

टॅक्सचा एक मुद्दा महागड्या हॉटेलवाल्यांसाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रूमचा रेट दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८. म्हणजे ७,६०० ची रूम टॅक्ससकट ८,९६८ ला पडते आणि ७,५०० ची ७,८७५ ला. शंभर रुपयांसाठी हजाराच्या वर फरक! हॉटेलवाल्यांनाही हे माहीत असतं, म्हणून रेट या रेषेच्या थोडा वर असेल तर सरळ "७,५०० ला बसवा" म्हणा. नाश्ता-जेवण धरून रेट वर जात असेल तर बिल कसं होणार तेही आधीच विचारा. आणि ऑफिसची ट्रिप असेल तर हेही बघा की हॉटेलचा जीएसटी गोव्याचा लागतो, पुण्या-मुंबईच्या कंपनीला महाराष्ट्रातल्या जीएसटी नंबरवर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावट, मिळत नाही.

रेट कधी कमी होतो? जून ते सप्टेंबर, रविवार ते गुरुवार, तेव्हा मागाल ते. नाताळ ते न्यू इयर मात्र घासाघीस करून उपयोग नाही, उलट तीन-चार रात्रींची अट आणि ३१ तारखेचं गाला डिनर बऱ्याच ठिकाणी सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. नोव्हेंबरात २० तारखेपासून पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, त्या दिवसांत पणजीच्या आसपास जाऊ नका, दक्षिणेकडे बघा. सलग सुट्ट्या आल्या की तोच प्रकार. पीकलाच यायचं असेल तर एजंट बरा, त्यांनी रूम आधीपासून धरून ठेवलेल्या असतात.

देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी फोंड्याकडे राहणं सगळ्यात सोयीचं. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडे सगळं हाताशी. देवस्थानांच्या अग्रशाळाही, म्हणजे देवळाच्या आवारातल्या राहायच्या खोल्या, आहेत, स्वच्छ आणि स्वस्त, पण तिथे रेटचं बोलणं करायचं नसतं, आधी महाजन-कुळाव्यांची, म्हणजे त्या देवस्थानाच्या मानकरी आणि कुळदैवत मानणाऱ्या घराण्यांची सोय बघतात, आणि मांसाहार-दारू अजिबात नाही. आमच्या भजनी मंडळाला अग्रशाळाच आवडली. बीच हवा असलेल्यांनी मात्र इथे राहू नये, रोज जाऊन-येऊन दोन तास जातात.

व्हिला घ्यायचा मोहही होतो, पंधरा जणांना एक घर, स्वतः स्वयंपाक. चांगला पर्याय आहे, पण पर्यटन खात्याकडचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, १९८२ च्या कायद्याने नोंदणी लागते, आणि ॲडव्हान्स कुणाच्या खासगी नंबरवर टाकू नका. फोटो दाखवून पैसे घेऊन गायब झालेली माणसं आहेत, गेटवर येऊन रडणाऱ्या फॅमिल्या मी पाहिल्यात. हॉटेललाही ॲडव्हान्स हॉटेलच्याच नावाच्या खात्यात, २५-३० टक्क्यांच्या वर नाही.

मी हॉटेलला जो मेसेज पाठवते तो जसाच्या तसा देते, तारखा आणि आकडे बदलून वापरा, एकाच वेळी तीन हॉटेलांना पाठवा:

"नमस्कार, आमचा ३६ जणांचा ग्रुप आहे, १८ रूम, दोघा-दोघांच्या, त्यातल्या १० मध्ये सुटे बेड. दोन रात्री. नाश्ता धरून आणि टॅक्स वेगळा दाखवून रेट कळवा. सगळ्या रूम एकाच बिल्डिंगमध्ये हव्यात, सहा रूम तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ. एक रूम फ्री मिळेल का, ड्रायव्हर-क्लीनरची झोपायची आणि जेवणाची सोय, सकाळी सातला चार रूम. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे लागतील का, जादा माणसाला बेड देता की गादी आणि त्याचे किती. पन्नास सीटची बस दारापर्यंत येते का. किती तारखेपर्यंत किती रूम कमी करता येतील. ॲडव्हान्स किती आणि हॉटेलच्या कुठल्या खात्यात. हे सगळं मेलवर द्या, म्हणजे आजच ग्रुपला विचारून कळवते."