‘तू’ पासून ‘तुम्ही’ पर्यंत : तज्ज्ञ-भूमिकेच्या एका शिक्षक प्रशिक्षण वर्गाचे परीक्षण

प्राथमिक शाळेतील शिक्षकांसाठी घेतला जाणारा, नाट्य आणि तज्ज्ञ-भूमिका यांवर आधारलेला एक प्रशिक्षण वर्ग मी नुकताच पूर्ण केला. पद्धतीचे मूळ नाव ‘मॅन्टल ऑफ द एक्स्पर्ट’. दोन-दोन दिवसांचे तीन भाग, प्रत्येक दोन भागांमध्ये महिनाभराची मुदत, आणि त्या मुदतीत शिकलेले आपापल्या वर्गात करून पाहून त्याच्या नोंदी पुढच्या भागाला घेऊन यायच्या, अशी त्याची रचना आहे. सोबत एक हस्तपुस्तिका, बारा तयार पाठ-आराखड्यांचा संच आणि प्रशिक्षकांची आपल्या वर्गाला एक भेट. संयोजकांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा अशा कोणत्याही प्रशिक्षणात आढळू शकतील.

आधी पद्धतीविषयी थोडे. तिच्या जनक डॉरथी हीथकोट (१९२६–२०११) इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या. चौदाव्या वर्षी त्या लोकरीच्या गिरणीत मागावर कामाला लागल्या, पुढे त्यांनी नाट्यशिक्षण घेतले आणि न्यूकॅसल येथील विद्यापीठात १९८६ पर्यंत शिक्षकांना शिकवले. गॅव्हिन बोल्टन यांच्यासह लिहिलेले त्यांचे या पद्धतीवरील पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत मुलांना एखाद्या कामात मुरलेल्या माणसांच्या जागी बसवले जाते: ती कधी जुन्या वस्तूंचे जतन करणारी मंडळी असतात, कधी बचाव पथक, कधी नकाशे तयार करणारे कार्यालय. त्यांच्याकडे कोणीतरी काम घेऊन येतो, अटी सांगतो, आणि ते काम नीट पार पाडण्याची जबाबदारी संपूर्ण वर्गाची असते. गणित, भाषा, भूगोल, विज्ञान हे सारे त्या कामाच्या गरजेपोटी येते. प्रेक्षक नसतात, पाठ केलेले संवाद नसतात, वेशभूषा नसते. ‘नाट्य’ या शब्दाबरोबर पडदा आणि रंगमंच डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना हे उमगायला पहिला दिवस जातो, मलाही गेला.

‘मॅन्टल’ म्हणजे शब्दशः अंगावर घ्यायचा झगा; त्याला मराठी शब्द कोणता, यावर त्याच दिवशी बराच वेळ चर्चा झाली आणि ती वाया गेली नाही. ‘झूल’ म्हटले की दिखाऊपणा येतो, ‘पांघरूण’ म्हटले की चूक झाकणे येते, ‘वस्त्र’ म्हटले की ते बाहेरून चढवायचे असते. हीथकोट यांच्या लेखी मात्र हा अंगावर घालण्याचा झगा नव्हेच. काम करता करता माणसात वाढत जाणारा तो एक गुण आहे, ज्यात कामाचा दर्जा, जबाबदारी आणि नीती हे सगळे येते. शेवटी आम्ही ‘तज्ज्ञाची भूमिका’ यावर थांबलो, कारण मराठीत भूमिका म्हणजे नाटकातले पात्रही आणि एखाद्या प्रश्नावर माणूस जी बाजू घेतो तीही. एका शब्दात दोन्ही अर्थ सामावणारी ही सोय आपल्या भाषेने आयतीच दिलेली आहे, आणि मराठीतून असा वर्ग घेतल्याचा पहिला लाभ तेथेच दिसला.

दुसरा लाभ त्याहून मोठा आहे आणि तो एका सर्वनामाचा आहे. वर्गात आपण मुलांना ‘तू’ म्हणतो, त्यात मायाही असते. पण एखाद्या कार्यालयातील अनुभवी अधिकाऱ्याला कोणी ‘ए, तू सांग’ असे म्हणत नाही. प्रशिक्षकांनी दुसऱ्या दिवसाची पूर्ण सकाळ केवळ आमच्या बोलण्यावर खर्च केली. ‘आज आपण लांबी मोजायला शिकणार आहोत’ हे वाक्य बंद. त्याऐवजी, ‘मंडळी, सकाळच्या टपालात हे पत्र आलं आहे. तुमच्यापैकी कुणी जुन्या पुलांची कामं पाहिली आहेत का?’ उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न आला, की प्रशिक्षक हात वर करून थांबवत आणि तेच वाक्य पुन्हा बोलायला लावत. वीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडी असे प्रश्न सारखे येत, हे मला त्या सकाळी प्रथमच ऐकू आले. शिक्षकाने स्वतः साहेबाची भूमिका घेऊ नये, निरोप आणणारा, नोंदी ठेवणारा किंवा नव्याने रुजू झालेला सहकारी व्हावे, ही सूचनाही तितक्याच मोलाची. कारण साहेब असला की मुले पुन्हा त्याच्याकडेच उत्तर मागतात.

पहिल्या मुदतीत मी चौथीच्या वर्गात जुन्या पुलांची तपासणी करणारे पथक उभे केले. एका गावाच्या कारभाऱ्यांचे पत्र आले: नदीवरचा दगडी पूल आणखी वर्षभर चालू ठेवता येईल का? पुलाचा एक भाग आम्ही फरशीवर खडूने खऱ्या मापात काढला आणि त्यात एक तडा काढला. एरवी वर्गात क्वचितच बोलणारी एक मुलगी त्या तड्याशी उकिडवी बसली, वीतभर अंतर मोजले आणि म्हणाली, “हा तडा जुना आहे की अजून वाढतोय, ते आज नुसतं बघून कसं कळणार?” मला उत्तर ठाऊक होते आणि ते ओठांवर आलेही होते. प्रशिक्षणात सांगितले होते त्याप्रमाणे मी एवढेच म्हटले, “आधीच्या पथकाच्या नोंदी कपाटात असतील, मी शोधून ठेवते.” दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर एक जुनाट दिसणारे पान ठेवले. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी पक्की बसवतात; तडा हलला, तर काच तडकते. पुलांच्या आणि इमारतींच्या तपासणीत वापरली गेलेली ही खरी रीत आहे. पुढचा सगळा तास मुलांचा होता. पट्ट्या किती, किती अंतरावर, किती दिवसांनी पाहायच्या, नोंद कोणी करायची. “काचेवर तारीख लिहायला पाहिजे, नाहीतर ती कधी बसवली ते पुढच्या माणसाला कळणारच नाही,” असे एकाने सांगितले आणि मिलिमीटर, तारीख, सही अशा रकान्यांचा तक्ता माझ्या सूचनेविना फळ्यावर आला.

अहवाल लिहिताना तर मला थांबून ऐकावे लागले. एका गटात ‘पूल पडेल’ लिहायचे की ‘पूल पडू शकतो’ यावर वाद चालला होता. “आपण स्वतः पाहिलेलं नाही ना, मग ‘पडेल’ लिहिणं खोटं होईल,” हा त्यातला निर्णायक मुद्दा. क्रियापदाच्या रूपातला हा फरक मी स्वाध्यायांतून वर्षानुवर्षे शिकवत आले आहे, पण तो चुकला तर कोणाचे काही बिघडेल असे मुलांना कधी वाटले नव्हते. त्यानंतर मी दुसरे पत्र आणले: पलीकडच्या वस्तीतील डॉक्टर रोज याच पुलावरून येतात, पूल बंद झाला तर काय? या पद्धतीत ज्याला ‘ताण’ म्हणतात तो असा असतो. खलनायक लागत नाही. दोन्ही बाजूंनी काहीतरी गमवावे लागेल अशी निवड पुरते. हस्तपुस्तिकेतील ताणाविषयीचे प्रकरण उत्तम आहे आणि मी ते अजूनही पाठ लिहिण्यापूर्वी उघडते. मुलांनी कल्पनेच्या ओघात चुकीची माहिती पक्की धरली तर गोष्टीतून बाहेर यावे, खरी माहिती तपासावी आणि मग पुन्हा आत शिरावे, हा खुलासाही तेथे नेमका केला आहे.

आता उणिवा. बारा तयार आराखड्यांचा संच ही या वर्गाची सर्वांत कच्ची बाजू. त्यांत प्रत्येक वळण आधीच ठरलेले असते, तिसऱ्या पानावर कोणते संकट येणार हेही. आणि मुलांनी पहिल्याच दिवशी वेगळा प्रश्न विचारला की आराखडा कोसळतो. जी पद्धत शिक्षकाला ऐकायला शिकवते, तिच्याच नावाने ऐकण्याची गरज न ठेवणारे पाठ देणे मला मनापासून खटकले. शिवाय त्यांतील पत्रांची भाषा इतकी कार्यालयीन आहे की नऊ वर्षांच्या मुलाला ती वाचता येत नाही. मला प्रत्येक पत्र नव्याने लिहावे लागले.

मूल्यमापनाला सहा दिवसांत जेमतेम एक तास मिळाला. गटात झालेल्या कामातून प्रत्येक मुलाला काय आले हे कसे टिपायचे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही. वर्गात चाळीसहून अधिक मुले असतील तर काय करावे, यावरही दोनच वाक्ये सांगितली गेली.

तिसरी उणीव मी अधिक गंभीर मानते. पुलाच्याच कामात मी पूल बंद करण्याच्या निर्णयावर चिडलेल्या गावकऱ्याची भूमिका घेतली आणि आवाज चढवला. एक मुलगा घाबरून रडू लागला. तो गावकऱ्याला नव्हे, माझ्याच रागाला घाबरला होता. भूमिकेत शिरताना मुलांना आधी सांगणे, हातात एखादी ठरलेली वस्तू घेणे, ती खाली ठेवताच भूमिका संपली हे स्पष्ट करणे, एवढी काळजी पुरेशी ठरली असती. पण हे सारे प्रशिक्षणात तिसऱ्या भागात आले. ते पहिल्याच दिवशी यायला हवे. भावनेपर्यंत मुलांना नेताना त्यांना सुरक्षित ठेवणे ही या पद्धतीची मूळची शिस्त आहे, तिचा क्रम शेवटी लावता येत नाही.

स्वतःचा पाठ स्वतः रचण्याची तयारी आणि थोडे शांत राहण्याची ताकद असलेल्या शिक्षकाने हा वर्ग जरूर करावा. तयार साहित्य हवे असणाऱ्याची मात्र येथे निराशा होईल, आणि केवळ हस्तपुस्तिका वाचून ही पद्धत हाती येईल असेही मला वाटत नाही.

प्रशिक्षकांची भेट हा या सगळ्यातला सर्वोत्तम भाग. त्या मागच्या बाकावर चाळीस मिनिटे बसल्या, कोणताही गुणतक्ता भरला नाही, आणि जाताना एक कागद हाती दिला. त्यावर मी मुलांना उद्देशून बोललेली वाक्ये दोन रकान्यांत जशीच्या तशी लिहिली होती: एकीकडे ‘तुम्ही’ची, दुसरीकडे नकळत ‘तू’वर घसरलेली. दुसऱ्या रकान्यात अकरा वाक्ये होती आणि त्यांतली नऊ, कोणीतरी चुकीचे उत्तर दिल्यानंतरची. ही भेट तिसऱ्या भागानंतर एकदाच होते; पहिल्या भागानंतर आणखी एक ठेवावी, त्यासाठी तयार आराखड्यांचा संच खुशाल वगळावा, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे.