गांडूळखत पेटी आणि आंबवणाची उरलेली कल्चरे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गांडूळखताच्या पेटीतले झिरपलेले पाणी काढायची तळाची तोटी पुन्हा तुंबली आणि तोटी वॉरंटीत बसत नाही, असे सेवाकेंद्राने लेखी कळवले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

एकावर एक ट्रे चढवण्याची रचना बहुतेकांना ठाऊक आहे. मी ही पेटी घेतली ती कोम्बुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, जादा स्कोबींसाठी (त्यावर धरणाऱ्या विरजणाच्या चकत्यांसाठी) आणि केफिरच्या, म्हणजे आंबवलेल्या दुधाच्या, विरजणाच्या वाढलेल्या दाण्यांसाठी. जिवंत विरजण कचऱ्यात टाकणे माझ्या जिवावर येते.

पहिले काही आठवडे माझे मत प्रतिकूल होते. स्कोबी म्हणजे जिवाणूंनी तयार केलेला सेल्युलोजचा पापुद्रा. तो अखंड टाकला तर वरून चामड्यासारखा वाळतो आणि तसाच पडून राहतो. शिवाय कोम्बुचाचा सामू (pH, जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण २.५ ते ३.५ असतो, तर गांडुळांना ६ ते ७ च्या आसपासचा मानवतो. आम्लता वाढली की ट्रेमध्ये अगदी बारीक, पांढरी एंकिट्राइड गांडुळे बुजबुजतात. ती स्वतः निरुपद्रवी असली, तरी त्यांची गर्दी हा इशारा समजावा.

स्कोबी धुऊन, पुरती निथळून, तिच्या अरुंद पट्ट्या ओल्या पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये ठेवल्यावर आणि आम्लता कमी करायला वर अंड्याच्या कवचांची बारीक पूड भुरभुरल्यावर मात्र माझे मत पालटले. पट्टी उचलून पाहिली, तर वरची बाजू अजून घट्ट होती, पण खालची झिरझिरीत झाली होती. तिला बिलगून आयसेनिया फेटिडा या खतासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची लालसर गांडुळे पडलेली होती आणि पुठ्ठ्याच्या पोकळ्यांमध्ये त्यांचे पिवळसर कोष (अंड्यांच्या पिशव्या) दिसत होते. पेटीवर आणि गांडुळांवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

म्हणूनच तोटीचा राग अधिक येतो. तिचे भोक तळापासून बोटभर उंचावर आहे, त्यामुळे तोटी उघडी ठेवली तरी तेवढे पाणी आत साचूनच राहते. स्कोबीत बहुतांश पाणीच असते, तेव्हा हा दोष आमच्यासारख्यांना सर्वांत आधी जाणवतो. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की कुजका वास सुटतो आणि त्वचेतून श्वास घेणारी गांडुळे त्यात पडली तर फार काळ तगत नाहीत. भोकाला आतून जाळीही नाही, त्यामुळे खत उतरून तोटी तुंबते. मी मागच्या पायांखाली लाकडी पट्टी सरकवली आणि भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा बसवला. त्याने बरेचसे निभावते, पण हे काम उत्पादकाने करायला हवे होते.

माहितीपुस्तिकेतले ‘सर्व आंबवलेले पदार्थ चालतात’ हे वाक्यही काढून टाकायला हवे. खारवलेल्या भाज्यांचे पाणी गांडुळांसाठी घातक आहे. केफिरचे दाणे चालतात, पण धुऊन, मोजकेच आणि खोल पुरून, कारण दुधातल्या प्रथिनांमुळे वास आणि माश्या लवकर येतात.

ट्रे, झाकण आणि हवेची छिद्रे यांबद्दल तक्रार नाही. तरीही अशी कोणतीही पेटी घेण्यापूर्वी तळाच्या भांड्यात पेलाभर पाणी ओतून, तोटी उघडून, किती पाणी मागे राहते ते पाहावे.